ऑफिसातले बदल, गावमित्र आणि यंदाचा गाव आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेला महिनाभर आमच्या अकोले तालुक्यात (जिल्हा अहिल्यानगर) राजूरला, कोतूळला, अकोल्याच्या एसटी स्टँडवर, जिथं कुणी भेटेल तिथं तेच विचारतंय की आमच्या समन्वयक ताई काम सोडून गेल्या म्हणजे संस्था बंद पडणार का आणि यंदा आराखड्याला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या कामांचं नियोजन करायला, आमच्या वाडीत कोण येणार. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहून काढतेय. मी इथं हिशोबही बघते आणि गावातही जाते, त्यामुळे दोन्ही बाजूचं मला माहिती आहे तेवढं खरं खरं सांगते. नावं आणि फोन नंबर मुद्दाम टाकलेले नाहीत, ते ऑफिसच्या दारावर लावलेत.

समन्वयक ताई खरंच गेल्या का? कुणी काढलं का त्यांना?

गेल्या, पण कुणी काढलं नाही. सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, घर संगमनेरला, घरात करणारं दुसरं कुणी नाही. विश्वस्तांशी भांडण झालं असं जे फिरतंय ते साफ खोटं आहे आणि ऐकून वाईट वाटतं, कारण त्यांनी तीन महिने आधी सांगितलं, एकेका गावात नव्या माणसाला सोबत नेऊन ओळख करून दिली, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फायलींवर गावांची नावं लिहीत बसल्या होत्या. फोन केला तर अजून उचलतात. पण रात्री नका करू, त्यांच्याकडे आजारी माणूस आहे.

मग आता त्यांच्या जागी कोण?

नवे दादा. समशेरपूरकडचे, आढळा खोऱ्यातले, याआधी पाणलोटाच्या कामावर होते, त्यामुळे एस्टिमेट, एमबी (मोजमाप वही), बांधाची लांबी-रुंदी हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. मुळा खोरं मात्र त्यांना नवीन आहे, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची गावं तर जवळजवळ माहितीच नाहीत, आणि हे त्यांनीच पहिल्या मीटिंगला सांगितलं. म्हणून पहिले दोन महिने ते ऑफिसात कमी आणि तिकडं जास्त दिसतील. तुमच्या गावात आले तर चहापाण्यात वेळ घालवू नका, त्यांना पाण्याच्या जागा दाखवा, शाळा दाखवा, लांबच्या वाडीला घेऊन जा.

आधी ऑफिसात एवढी माणसं होती, आता कमी का दिसतात?

याचं उत्तर जरा लांब आहे, पण लोकांना वाटतं पैसे कुठं तरी गेले म्हणून नीट सांगते. आपल्यासारख्या तालुक्यातल्या लहान संस्था पूर्वी मोठ्या संस्थांकडून पैसे घेऊन काम करायच्या, म्हणजे परदेशी देणगी मोठ्या संस्थेला यायची आणि त्यातला काही भाग गावात काम करणाऱ्या लहान संस्थेला. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला, आणि तेव्हापासून असा पैसा एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही असं झालं, शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि ऑफिसातल्या माणसाचा पगार त्याच खर्चात धरला जातो. त्यानंतर आपण कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशावर आलो. सीएसआरचा पैसा वस्तूंना पटकन मिळतो, टाकी, बेंच, सोलर दिवा, कारण त्याचा फोटो निघतो. पण गावात चार रात्री बसून लोकांशी बोलणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे द्या म्हटलं की समोरचा विचारतो, यातून दिसणार काय? मला या प्रश्नाचं अजूनही चांगलं उत्तर देता येत नाही, पण गावाला काय हवंय हे कुणी तरी बसून ऐकल्याशिवाय ती टाकीही चुकीच्याच जागी बसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला आणि फील्डच्या दोन जागा संपल्या. त्या दोघांचाही हिशोब पूर्ण दिला, ज्यांची पाच वर्षं झाली होती त्यांची ग्रॅच्युइटीही दिली. अकाउंटंट आता अर्धवेळ आहेत, राहिलेलं मी बघते.

गावमित्र म्हणजे कोण? हे नवीन काय काढलंय?

त्याच गावात राहणारी एक व्यक्ती, शक्यतो बाई. गावाची वही सांभाळायची, वाडीवरच्या बैठका लावायच्या, ग्रामसभेची नोटीस लागली की वाड्यांवर सांगायचं आणि काय ठरलं ते परत वाड्यांवर जाऊन सांगायचं, एवढं काम. थोडं मानधन आहे, प्रवासखर्च वेगळा.

हे का काढलं ते सांगायला पाहिजे, कारण यात चूक आमची आहे. दोन वर्षांपूर्वी एका गावात आम्ही फार चांगलं काम केलं होतं, सगळ्या वाड्यांचे नकाशे, प्रत्येक घराची माहिती, कुठल्या विहिरीला कधीपर्यंत पाणी टिकतं, सगळं. आणि ते सगळं कुठं होतं तर आमच्या एका कार्यकर्त्याच्या लॅपटॉपमध्ये. तो दुसऱ्या नोकरीवर गेला, लॅपटॉप बिघडला, आणि पुढच्या वर्षी आम्ही त्याच बायकांना तेच प्रश्न विचारायला गेलो. एक आजी म्हणाली, "मागल्या साली सांगितलं ना बाई, परत कशाला इचारतीस?" मला उत्तर देता येईना. त्या दिवशी ठरलं की माहिती आधी गावाच्या वहीत आणि मग आमच्या कॉम्प्युटरवर. आमच्यातलं कुणी गेलं, अगदी ऑफिस बंद झालं तरी वही गावात पाहिजे. ताई गेल्यावर ज्या गावांत वही होती तिथलं काम एक दिवसही थांबलं नाही, आणि जिथं नव्हती तिथं आम्ही अजून चाचपडतोय.

गावमित्र, पेसा मोबिलायझर आणि उमेदची सीआरपी, हे सगळं एकच का?

नाही. सीआरपी ताई उमेदच्या, म्हणजे शासनाच्या बचत गटांच्या अभियानाच्या, त्यांचं काम बचत गट आणि ग्रामसंघाचं. मोबिलायझर पेसा गावांत, म्हणजे ग्रामसभेला जादा हक्क देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांत, ग्रामसभेच्या मदतीला शासनाकडून. गावमित्र आपल्या संस्थेचा. काही गावांत सीआरपीच गावमित्र व्हायला तयार आहेत, त्याला आमची हरकत नाही, पण त्यांच्यावर आधीच किती काम आहे ते बघून हो म्हणा.

ग्रामपंचायतीनंच गावमित्राला पगार दिला तर?

बऱ्याच सरपंचांनी आपणहून विचारलं, बरं वाटलं. पण १५व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या पैशातून नाही देता येत, अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) निधी असला तरी पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून चालत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचं म्हटलं तर आपल्याकडच्या लहान ग्रामपंचायतींची घरपट्टी-पाणीपट्टी वसूल होऊन होऊन किती होणार. म्हणून सध्या मानधन संस्थेकडूनच आहे. किती दिवस पुरेल? यंदाच्या वर्षाचे पैसे हातात आहेत, पुढच्या वर्षासाठी खटपट चालू आहे, यापेक्षा जास्त वचन मी देत नाही.

यंदा एवढ्या लवकर बैठका का? आराखड्याची मोहीम तर २ ऑक्टोबरपासून असते ना?

बरोबर आहे, देशभर मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते, आणि आपल्याकडं २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' नावानं हे चालू आहे. कागदावर सगळं ठीक आहे. पण आपल्या पश्चिम भागात काय होतं ते बघा. भात काढून झालं, दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून नारायणगावला, ओतूरला, आळेफाट्याला मजुरीला जातात, टोमॅटो-कांद्याच्या कामाला. आराखडा मंजूर करायची ग्रामसभा त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत लागली की तिथं बॉडी (ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य), चार म्हातारी माणसं आणि ठेकेदार. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते तेव्हा नारायणगावच्या नाक्यावर पहाटे काम मिळायची वाट बघत उभे असतात. मग आराखड्यात रस्ता येतो, पेव्हर ब्लॉक येतात, कमान येते, आणि वाडीची विहीर राहते ती राहतेच.

म्हणून यंदा वाडीच्या बैठका सप्टेंबरमध्येच, भात पोटरीत असताना, लोक घरी आहेत तोवर. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाडीवार मागण्यांची यादी वाचून प्रोसिडिंगला (सभेच्या इतिवृत्तात) घ्यायची, म्हणजे पुढच्या सभेला माणसं नसली तरी त्यांचं म्हणणं तिथं लिहिलेलं असेल. ताईंनी जाताजाता हीच एक गोष्ट तीनदा सांगितली.

वाडीच्या बैठकीत नक्की काय करतात?

देवळापुढं किंवा शाळेच्या अंगणात जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतो, तोही आम्ही नाही, गावातल्या बायका-पोरं काढतात. आधी ओढा, मग रस्ता, मग घरं. घराला खडा, झाडाला पान, विहिरीला बांगडीचा तुकडा, जे हाताशी असेल ते.

मागच्या वर्षी एका ठाकरवाडीत पुरुषांनी पंधरा मिनिटांत नकाशा काढून टाकला, हातपंप इथं पाहिजे म्हणून काठी रोवली, झालं, उठायला लागले. एक म्हातारी मागं बसलेली, ती काही बोलली नाही, उठून आली, मूठभर हळद आणली होती की कपाळाची पुसली देव जाणे, बोट दाबून वरच्या खडकापाशी एक पिवळा ठिपका केला आणि परत जाऊन बसली. तिथं झरा होता. मे महिन्यात सगळ्या वाडीच्या बायका तिथंच वाटीनं पाणी भरायच्या, आणि नकाशा काढणाऱ्या एकाही पुरुषाला तो आठवला नव्हता कारण तिथं कधी हंडा घेऊन गेलाच नव्हता. मग काठी उपटली, झऱ्याला कुंडी बांधायची आणि तिथून पाइपनं खाली आणायचं असं ठरलं. पुढं नवे दादा मोजमापाला बघून आले, म्हणाले उतार चांगला आहे, मोटर लागणार नाही.

नकाशाचा फोटो काढतो, पण त्याच बैठकीत तो वहीतही उतरवून घेतो, आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे.

पैसा किती येतो आणि कशावर खर्च करता येतो?

नक्की रक्कम प्रत्येक गावाची वेगळी, ती ग्रामपंचायतीत विचारा किंवा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघा, कुणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. मुख्य गोष्टी एवढ्या:

१५व्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के बंधित, म्हणजे अर्धे पिण्याच्या पाण्यावर आणि अर्धे स्वच्छतेवर, आणि ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. महाराष्ट्रात या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के झेडपीला. हा आयोग २०२५-२६ पर्यंतचा, २०२६-२७ पासून १६वा, त्यामुळे यंदा वाडीत कुणी जुन्या टक्केवारीवर पैज लावू नका, आधी गरजा लिहा, पैशाची विभागणी नवे नियम हातात आल्यावर करू.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांगांसाठी. हे लोक विसरतात आणि मग मार्चएंडला घाईघाईत कायतरी वस्तू वाटल्या जातात. दिव्यांग माणसाला आधी विचारा त्याला काय पाहिजे.

पेसा गावांना यापेक्षा वेगळा ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून येतो, आदिवासी उपयोजनेतला, आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क आहे, सरपंच किंवा ठेकेदाराचा नाही. यावर वेगळी बैठक घेणार आहोत कारण सगळ्यात जास्त गोंधळ यातच आहे.

आमच्या बॉडीची मुदतच संपत आलीय किंवा संपलीय, मग आराखडा करून काय उपयोग?

जानेवारी २०२१ ला ज्या गावांची निवडणूक झाली त्या सगळ्यांचा हाच प्रश्न आहे. उपयोग आहे. बॉडी बदलते, ग्रामसभा बदलत नाही, मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. उलट प्रशासक आला तर गावाच्या बाजूनं बोलायला ठराव आणि वाडीची यादी एवढंच हातात असतं. एक काळजी मात्र खरी आहे, वित्त आयोगाचा हप्ता निवडून आलेली बॉडी असल्याशिवाय मिळत नाही, झेडपीत २०२२ पासून प्रशासक बसल्यावर काय झालं ते आपण बघितलंय. निवडणूक लांबली तर पैसा अडकू शकतो, पण आराखडा तयार असला तर पैसा आला त्या दिवशी काम धरता येतं.

ग्रामसभेला किती माणसं लागतात?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी ती. पेसा गावांचे नियम वेगळे आहेत, ते गावमित्राला विचारा. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती झाली का हे विचारा, रजिस्टर बघायला मागा. घरोघर सह्या गोळा करून कोरम दाखवायची पद्धत काही ठिकाणी आहे, तिथं निदान आपल्या गावमित्रानं सही करायची नाही, एवढं आम्ही स्पष्ट सांगितलंय.

एकल महिलांचं काम चालू राहणार ना?

राहणार. हे काम कुठल्याच प्रोजेक्टमध्ये बसत नव्हतं तेव्हाही चालू होतं. विधवा, सोडलेल्या, लग्न न झालेल्या बायका, यांची यादी गावच्या वहीत वेगळ्या पानावर आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये ऐकायला थोडे वाटतात, पण ज्या बाईच्या नावावर रेशन कार्डही नाही, कारण नाव अजून सासरच्या कार्डावर आहे आणि सासरचे दारात उभं करत नाहीत, तिला ते मिळवायला वर्ष वर्ष जातं. तहसीलला सोबत जायचं काम आता मी करते. दिवस ठरला की गावमित्राला कळवते, कागदं आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन या.

बालसभा?

होणार, शाळा सुटायच्या आधीच्या तासाला, मुख्याध्यापकांशी बोलून. मागच्या वर्षी पोरींनी एकच मागणी लावून धरली, मुलींच्या संडासाला आतून कडी. इतक्या वर्षांत कुठल्याच मोठ्या माणसाच्या लक्षात आली नव्हती. ती बसवायला तेव्हा आराखड्याची वाट बघितली नाही.

बंद काय झालं?

राजूरचा कॉम्प्युटर क्लास आणि संध्याकाळची अभ्यासिका. दोन्ही बंद करताना फार जड गेलं, विशेषतः अभ्यासिका, दहावीची पोरं अजून विचारतात. भाडं आणि शिकवणाऱ्याचं मानधन झेपेना. एखाद्या गावानं खोली दिली आणि कुणी शिकवायला तयार असेल तर पुस्तकं, सतरंज्या, दिवे सगळं आपल्याकडं नीट ठेवलेलं आहे, उद्या देतो.

मला काम करायचंय, जागा आहे का?

ऑफिसात सध्या नाही. गावमित्राच्या काही जागा आहेत, पश्चिमेकडच्या गावांत. मराठी नीट लिहिता-वाचता आली पाहिजे, त्याच गावात राहणारी व्यक्ती पाहिजे, ठाकरी बोली येत असेल तर फारच चांगलं. पदवीची अट नाही. निवड आम्ही एकटे करत नाही, वाडीच्या बैठकीत लोकांसमोर नाव येतं आणि तिथंच हो-नाही होतं. सरपंचांच्या घरातलं माणूस शक्यतो नको, वैयक्तिक काही नाही, पण लोक मोकळेपणानं बोलत नाहीत.

काम मंजूर करून द्यायला पैसे लागतात का?

नाही. आमच्यापैकी कुणीही, नवीन असो वा जुना, पैसे मागितले तर सरळ विश्वस्तांना सांगा. काम मंजूर करणं आमच्या हातातही नाही, ग्रामसभा ठरवते, पुढं पंचायत समिती तांत्रिक मान्यता बघते. आम्ही फक्त लिहायला, मोजायला आणि सोबत यायला. मुलींना, बायकांना आमच्या कुणाकडून त्रास झाला तर तेही सांगा. आम्ही दहापेक्षा कमी माणसं आहोत त्यामुळे कायद्याप्रमाणं अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, तिचा पत्ता दारावर लावलाय, आम्हाला न विचारता तिथं जाता येतं.

आमच्या गावाची वहीच सापडत नाहीये, काय करू?

आधी शाळेत बघा, मग अंगणवाडीत, मग मागच्या गावमित्राच्या घरी पत्र्याच्या पेटीत, बहुतेक वेळा तिथंच निघते. लाल कापडी बाइंडिंगची, वर गावाचं नाव मार्करनं लिहिलेलं. पावसानं पानं चिकटली असतील तर ओढून सुटी करू नका, सावलीत वाळू द्या. मिळाली की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नका पाठवू, अंगठ्यांची पानं त्यात नीट दिसत नाहीत, वहीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसात आणा. उतरवून घेतो आणि त्याच दिवशी परत देतो.